वर्षभराची फरशी

'उदयोन्मुख' हा शब्द कुणी उच्चारला की माझं डोकं फिरतं. मी उदयोन्मुख होते तेव्हा माझी तिशी उलटून गेली होती, गुडघे कुरकुरायला लागले होते आणि केसांना मेंदी लावायची वेळ आली होती. कॉलेजात असल्यापासून मी रांगोळीच काढत होते. इतकी वर्षं जी बाई काढतेय, ती आता नव्याने कुठून उगवणार? पण पैसेवाल्यांचं असंच असतं. त्यांची नजर पडली की आपण उगवलो, नजर हटली की मावळलो. मधल्या काळात आपण कुठे बसत होतो आणि कुणाच्या जिवावर जेवत होतो, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

मी रांगोळी काढते म्हटलं की बायका म्हणतात, अय्या, मग यंदा दिवाळीत आमच्या दारात काढ ना! तसली नाही हो. पलंगापेक्षा मोठं चित्र, तेही कोरड्या रंगाच्या भुकटीने, चिमटीतून थोडं थोडं सोडत. लांबून बघणाऱ्याला फोटो वाटला पाहिजे आणि जवळ येऊन त्याने श्वास रोखून धरला पाहिजे, कारण जोरात श्वास सोडला तरी चित्र उडतं. आमच्यातले बहुतेक जण देव काढतात, महाराज काढतात, नाहीतर सिनेमातले चेहरे काढतात, कारण त्याला गर्दी होते. माझं खूळ वेगळं. मला घरातल्या फालतू वस्तू मोठ्या करून काढायच्या असायच्या. कुकरची शिट्टी. ओलं पायपुसणं. फोडणी करून काळी पडलेली पळी. कोरड्या भुकटीत ओलेपणा दाखवायचा, चकाकी दाखवायची, त्यातच तर सगळी खाज. लोक बघायचे आणि म्हणायचे, "पण पायपुसणंच का?" मी म्हणायचे, "तुमच्या घरात नाही का?"

आता मी मॉलमध्ये दिवाळीच्या आठवड्यात मोर काढते. लग्नाच्या हॉलच्या दारात कमळं काढते. मोर चांगले येतात मला. पैसेही वेळेवर मिळतात. तक्रार नाही म्हणायची पद्धत आहे, पण माझी आहे, आणि म्हणूनच हे लिहायला बसले.

या कामाला एकच गोष्ट लागते आणि नेमकी तीच मुंबईत मिळत नाही. फरशी. कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवता येतो, मूर्ती कपाटावर चढवता येते. रांगोळीला रिकामी, सपाट, वारा न लागणारी जमीन लागते आणि काम चालू असेपर्यंत तिच्यावर कुणाचा पाय पडून चालत नाही. आमचं घर बोरीवली पूर्वेला, एक खोली आणि किचन. त्यात आई, पप्पा आणि मी. सकाळी तिथे भाजी निवडायची, दुपारी कपडे घडी करायचे, रात्री गाद्या घालायच्या. माझ्या वाट्याला येणारी फरशी ताटाएवढी.

पप्पा महापालिकेच्या शाळेत शिपाई होते. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत ते मुख्याध्यापकांना विचारून मला एक वर्ग उघडून द्यायचे. बाकं स्वतः भिंतीकडे सरकवायचे, फरशी ओल्या फडक्याने पुसायचे, ती वाळेपर्यंत दारात उभे राहायचे आणि मग मालवणीत हाक मारायचे, "ये गो चेडवा, तुजो महाल तयार." पंखे बंद, खिडक्या बंद, मे महिन्याचं बोरीवली. घामाने मी निथळत असायचे, पण तेवढे दिवस मी राणी होते. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आपल्याच हाताने केरसुणी घेऊन चित्र झाडून टाकायचं. रांगोळीवाल्याला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढच्या सुट्टीपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं.

असं असताना त्या ट्रस्टची फेलोशिप निघाली. मोठ्या घराण्याचा ट्रस्ट. गरीब घरातल्या उदयोन्मुख कलाकारांना मदत करणं हे त्यांचं पुण्यकर्म. निवड झालेल्याला दरमहा मानधन होतं, ते सोडा. माझे डोळे चिकटले ते वेगळ्याच गोष्टीवर. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक अख्खा गाळा, वर्षभरासाठी, किल्लीसकट. मी जाऊन बघून आले. शटर खाली ओढलं की आत वाऱ्याची झुळूक नाही. पाच पायपुसणी शेजारी शेजारी काढली असती तरी जागा उरली असती. त्या दिवशी घरी येऊन मी पप्पांना म्हटलं, "मला बाकी काही नको आयुष्यात, ती फरशी पाहिजे." पप्पा म्हणाले, "मग घे."

घ्यायची कशी? शेवटच्या फेरीत आम्ही मोजके जण उरलो. अंधेरीतच एका हॉलमध्ये प्रत्येकाने आपलं काम मांडायचं आणि निवड समिती येऊन बघणार. बाकीच्यांनी आपापली चित्रं टेम्पोत घालून आणायची होती. रांगोळी टेम्पोत घालता येत नाही. म्हणून मला हॉलचा कोपरा आधी काही दिवस मोकळा करून दिला. मी ठरवलं, प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीतली मेथीची जुडी काढायची. आत दमट पानं, पिशवीला आतून चिकटलेले थेंब, वर पिशवीची गाठ. भुकटीने प्लॅस्टिक काढून दाखवायचं म्हणजे काय ते काढणाऱ्यालाच कळतं.

आणि त्याच आठवड्यात पप्पा गेले. सकाळी शाळेची घंटा दिली, जिन्यावर टेकले आणि उठलेच नाहीत. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. लिहिता येत नाही.

ट्रस्टला फोन केला. म्हटलं, वडील गेले, मला थोडे दिवस द्या. फोनवरची मुलगी चांगली होती, तिने मनापासून हळहळ व्यक्त केली, आत जाऊन विचारून आली आणि म्हणाली, "ताई, समितीतले सर परदेशात चाललेत. तारीख बदलता येत नाहीये." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. विषय संपला होता. सुतकात रांगोळी काढत नाहीत, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मयत झालेल्या घराचा उंबरठा तेराव्यापर्यंत कोरडा. देवापुढे दिवा नाही, दारात पांढरी रेघ नाही. घर माणसांनी भरलेलं, गावाहून मोठे काका आलेले, आणि मी भिंतीला टेकून बसलेले. मनात पप्पा होते आणि त्यांच्या मागे तो गाळा होता. हो, होता. लाज वाटत होती, पण होता.

आई तोवर कुणाशी धड बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, स्टूल घेतलं, माळ्यावरून माझी रंगांची पिशवी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "जा."

मोठ्या काकांनी विचारलं, "खंय?"

"अंधेरीला. तिचं काम आहे."

"कसला काम? रांगोळीच ना ती?" काका उठून उभेच राहिले. "माझो भाव गेलो, आणि चेडू रंग खेळूक चल्ला? सुतकात? लोका काय म्हणतली?"

आई आयुष्यात कधी मोठ्या दिरासमोर मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशीही मान खालीच होती, पण शब्द स्पष्ट होते. "भावजी, सुतक आपल्या दाराला आहे. अंधेरीच्या फरशीला नाही. मी पाठवतेय तिला. पाप लागलं तर माझ्या डोक्यावर." आणि माझ्याकडे वळून, "अगं उठ ना! बघतेस काय?"

मी उठले. मागे काय झालं ते मला मावशीकडून कळलं. काकांनी नाही नाही ते सुनावलं, आईने ऐकून घेतलं. तेराव्याला काका पानावर बसले नाहीत. भावाच्या तेराव्याचं जेवण न जेवता सख्खा भाऊ उठून जातो, याचा अर्थ काय होतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पुढच्या गणपतीला गावच्या घरून आईला बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्या गणपतीलाही नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या घरातल्या मोदकांच्या पाऱ्या तीच वळत होती.

हॉलमध्ये मी तोंडाला ओढणी बांधून बसले. रडायची सोय नव्हती. थेंब पडला की भुकटीचं ढेकूळ होतं आणि तो भाग खरवडून पुन्हा करावा लागतो. एकदा केलाही. दोन विटांवर फळी टाकून तिच्यावर पालथी पडून मी मधली पानं भरली. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली रांगोळी होती. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगितलं नाही.

समिती आली. ट्रस्टचं काम बघणाऱ्या मॅडम पुढे होत्या. सुती साडी, मोठं कुंकू, मराठी शाळेत न शिकलेल्या माणसाचं गोड मराठी. आल्या आल्या त्यांनी मला मिठीच मारली. "किती ब्रेव्ह आहेस तू!" मग फरशीकडे बघितलं. "वा, कोथिंबीर!"

"मेथी आहे, मॅडम."

"हो हो, मेथी. सुंदर. पण तू वडिलांचं का नाही काढलंस? केवढं पॉवरफुल झालं असतं."

समितीतले सर एकदा पिशवीच्या गाठीपाशी वाकले, बोटाने हवेत काहीतरी दाखवलं, मला वाटलं आता काही विचारतील. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "घरच्यांनी येऊ दिलं तुला? तुमच्यात तर चालत नाही ना असं?" माझं डोकं सणकलेलंच होतं, मी काकांचं जे झालं ते भडाभडा बोलून गेले. मॅडमचे डोळे चमकले. सरही मेथी सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागले. "मग? तू तशीच निघून आलीस?" मी म्हटलं, "आईने पाठवलं." पण तोवर त्या मागे वळून कॅमेरावाल्याला हाक मारत होत्या.

माझी निवड झाली. मी खूश झाले का? झाले. आनंद लपवणाऱ्यातली मी नाही. आईला सांगितलं तेव्हा तिने पप्पांच्या फोटोकडे बघून फक्त मान हलवली.

मग ट्रस्टची माणसं फिल्म करायला घरी आली. निवडलेल्या प्रत्येकावर छोटी फिल्म करतात आणि वार्षिक समारंभात देणगीदारांना दाखवतात. आईने पोहे केले, खोबरं पेरून, आलेल्या प्रत्येकाला डिश दिली. मी लाईटवाल्याला मीटर दाखवायला खाली गेले होते. तेवढ्यात त्यांनी आईला किचनमध्ये बसवलं आणि विचारलं, "आई, सुतकात काय काय करत नाहीत?" आता घरी आलेल्या पाहुण्याने रीतभात विचारली तर बाई काय सांगणार? रीत सांगणार. आईने नीट सांगितलं. सुतकात देवाला हात लावत नाहीत. रांगोळी काढत नाहीत. मुलीबाळींनी सांभाळायचं असतं. पप्पांना जाऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा चेहरा होता तसाच होता.

नंतर मी तिला विचारलं, "आणि तू मला पाठवलंस ते नाही सांगितलंस?"

"ते कशाला? आपली टिमकी आपणच वाजवायची? आणि तुझ्या काकांच्या कानावर गेलं तर? टीव्हीवर सांगितलं म्हणतील. घरातली भांडणं घरात."

आमच्याकडच्या बायकांचं हे असं आहे. चांगलं केलं तर झाकून ठेवायचं, सासरच्यांनी वाईट केलं तरी झाकून ठेवायचं. मी म्हटलं, बरं. मला वाटलं, मी सांगितलंय ना मॅडमना. त्या घालतील.

समारंभ जुहूला, समुद्राकडे तोंड असलेल्या हॉटेलात. आईने तिची ठेवणीतली मोरपिशी साडी नेसली होती. आम्ही दोघी गोल टेबलाशी बसलो, आईने पाण्याचा ग्लासही धक्का लागेल म्हणून लांब सरकवला. फिल्म लागली. सगळी इंग्लिशमध्ये. आधी बोरीवलीची गर्दी, मग आमचा जिना, मग माझे हात. मेथी आली आणि गेली, डोळा मिटून उघडेपर्यंत. मग आवाज सांगायला लागला की या मुलीच्या समाजात बाप मेल्यावर मुलीला रंगाला हात लावायची बंदी आहे. की तिच्या घरच्यांनी तिला अडवलं. की तिची सख्खी आई तिच्या आड उभी राहिली. आणि पडद्यावर भलीमोठी आई. "रांगोळी काढत नाहीत. मुलीबाळींनी सांभाळायचं असतं." मागे रडकं व्हायोलिन. मग पुन्हा मी, एकटी, हॉलच्या दारातून आत जाताना. ते त्यांनी नंतर मुद्दाम चालायला लावून घेतलं होतं.

शेजारची हिरे घातलेली बाई "च्च, पुअर गर्ल" म्हणाली. आणि माझी आई? सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून तीही वाजवत होती. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मी बरी दिसले ना गं? काय म्हणाला तो माझ्याबद्दल?"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले, माईक हातात घेतला. इंग्लिश माझं तोडकंमोडकं, आणि असल्या वेळी माणसाला आपलीच भाषा सुचते. मी मराठीत बोलले. म्हटलं, "हे खोटं आहे. मला माझ्या आईने पाठवलं. सगळ्या घराशी वाकडं घेऊन पाठवलं. ती अडवायला नव्हती उभी, ती माझ्या पाठीशी उभी होती. हे तुम्ही बदला." आवाज चिरकला शेवटी. खाली सगळे हसऱ्या तोंडाने बघत होते. दोन-चार वेटर तेवढे थबकले. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात टाकला, माईक अलगद काढून घेतला आणि इंग्लिशमध्ये सांगितलं की ती फार भावुक झाली आहे. ती म्हणते आहे की तिने आपल्या आईला माफ केलं.

हॉल उभा राहिला. इतक्या टाळ्या मी माझ्या कामाला आयुष्यात ऐकल्या नाहीत. आणि त्या सगळ्या टेबलांशी बसलेल्यांत मी काय बोलले ते कळलेली एकटीच बाई म्हणजे आई. तिचा चेहरा उतरला होता. परत येताना रिक्षात म्हणाली, "कशाला बोललीस चारचौघांत? काकांच्या कानावर जाईल आता." मग मी तिला फिल्ममध्ये काय म्हटलं होतं ते सांगितलं. शब्दन् शब्द. एस. व्ही. रोडवर सिग्नल लागला तेव्हा ती म्हणाली, "आणि गाळा? तो देणार ना?"

गाळा दिला. ऑफिसात जाऊन मी मॅडमशी भांडले, फिल्म बदला म्हणून. मॅडम रागावल्या नाहीत, त्या कधीच रागावत नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "हे बघ, लोक चित्राला पैसे देत नाहीत. गोष्टीला देतात. त्या गोष्टीवर तुझ्या गाळ्याचं भाडं निघतं. आईचं नाव कुठे घेतलंय आपण?" म्हणे नाव कुठे घेतलंय. तोंड दाखवलंय की माझ्या आईचं, भिंतीएवढं! मी तणतणत बाहेर पडले आणि तिथून सरळ गाळ्यावर गेले, कारण किल्ली माझ्या पर्समध्ये होती. त्या वर्षी मी जे काम केलं ते पुन्हा होणार नाही. शिट्टी केली, पळी केली, दुधाची फुटलेली पिशवी केली. आई एकदा आली होती. दारात चपला काढून उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, पाय पडेल म्हणून आत येईना. बराच वेळ बघून म्हणाली, "केवढी फरशी गं. तुझ्या पप्पांना दाखवायला हवी होती."

वर्ष संपत आलं तेव्हा ट्रस्टमधून फोन आला. माझी फिल्म देणगीदारांना फारच आवडली होती. तेव्हा त्यांच्या मनात असं होतं की मला गाळा आणखी काही वर्षं द्यावा. मग मॅडम म्हणाल्या, "फक्त एक छोटी गोष्ट. यंदाच्या समारंभात तू आणि आई दोघी स्टेजवर या. आई फक्त म्हणतील, मी चुकले. तू मिठी मार. गोष्ट पूर्ण होते बघ."

मी घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, आता ही भडकणार, निदान आता तरी. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कुठली साडी नेसू? मागची त्यांनी बघितलीय."

"आई, वेड लागलंय का तुला? जे तू केलंच नाहीस त्याची माफी मागायची?"

"त्यात काय जातंय माझं? मी मुलीला अडवलं, माझी चूक झाली. असं म्हणू? की थोडं रडायला पण लागेल?" आणि तव्यावर भाकरी टाकून तिने खरंच तोंड वेडंवाकडं करून बघितलं, रडता येतं का ते.

मला ते सहन झालं नाही. मी गॅलरीत गेले आणि मॅडमना फोन लावला. जे जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, माझी आई विकायला काढलेली नाही. तुमचा गाळा तुम्हाला लखलाभ. फिल्म काढून टाका नाहीतर कोर्टात जाईन. कोर्टात कोण जातंय आणि कुठल्या पैशाने, ते त्यांनाही माहीत होतं. फिल्म अजून त्यांच्या साईटवर आहे आणि खाली लोक माझ्या आईला काय काय म्हणतात ते मी वाचत नाही. पण त्या क्षणी मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा उतरला. आत आले, मान ताठ, आणि आईला म्हटलं, "सोडला गाळा. तुझ्या इज्जतीपुढे फरशी काय चीज आहे?"

मला वाटलं होतं, ती जवळ घेईल.

आईने गॅस बंद केला. पिठाचे हात तसेच. माझ्याकडे इतक्या रागाने तिने पप्पा गेल्यावर काकांकडेही बघितलं नव्हतं. म्हणाली, "माझी इज्जत? ती मी तेव्हाच सोडली, तुला घराबाहेर काढलं तेव्हा. तुझ्या काकांच्या पायाशी ठेवली. उरली होती ती त्या हॉटेलात ठेवली. सासर गेलं, गाव गेलं, गणपती गेला, मी एक शब्द बोलले? म्हटलं, पोरीला फरशी मिळतेय ना, जाऊ दे. आणि तू ती फरशी देऊन टाकलीस? मला विचारलंस?"

मी म्हटलं, "आई, अगं तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी नको सांगू. तुझ्या रागासाठी." तिने पदराने हात पुसले. "आणलीस ना माझी इज्जत घरी परत? मग घे. अंथर इथे, आणि काढ तिच्यावर रांगोळी."